१९८४ची ॲम्बॅसेडर, मागचे जाम होणारे ब्रेक आणि परतवाडा-अंजनगाव रस्त्यावरचे एक गॅरेज

या गॅरेजला पाटी नाही. परतवाड्याहून अंजनगावकडे जाताना एका फाट्यावर, मोठ्या कडुनिंबाखाली, दोन जुन्या जीपचे सांगाडे आणि ट्रॅक्टरचा उघडा पडलेला गिअरबॉक्स दिसतो, तेच दुकान. मिस्त्री पन्नाशी ओलांडलेले आहेत. त्यांचे रोजचे काम ट्रॅक्टर आणि जीपचे असून जुन्या मोटारी ते फावल्या वेळात आणि आवडीने पाहतात. आपले नाव कुठे छापून यावे अशी त्यांची इच्छा नसल्याने मी ते देत नाही. दर्यापूर तालुक्यातील माझ्या गावापासून हे ठिकाण ३८ किलोमीटर आहे. मार्च महिन्यात दोन खेपा करून मी तेथे एकूण पाच दिवस घालवले, त्यांतले बरेचसे बाजेवर बसून. जुन्या मोटारीचे मागचे ड्रम ब्रेक कसे तपासावेत याचे इतके पद्धतशीर काम मी याआधी पाहिले नव्हते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. तेथे काय खटकले, तेही पुढे येईल.

गाडी वडिलांनी १९८४ मध्ये घेतलेली ॲम्बॅसेडर मार्क ४ आहे, १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाची. या मोटारीचा मूळ आराखडा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३चा. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५८ पासून ती तयार होत असे आणि मे २०१४ मध्ये ते काम थांबले. माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी ड्रमला आतून ‘शू’ नावाच्या कमानदार पट्ट्या दाबून थांबवणारे; डिस्क कुठेच नाही. मागे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि अखंड धुरा (ॲक्सल) आहे. हा धुरा पाट्यांवर वरखाली होतो, त्यामुळे गाडीखालून आलेली ब्रेकची लोखंडी नळी आणि धुऱ्यावरची नळी यांना जोडायला मध्ये रबराचा एक हौज पाईप असतो. दोन्ही मागच्या चाकांसाठी एकच. पुढच्या सगळ्या हकिकतीचे मूळ या वीतभर तुकड्यात होते, आणि ते सापडेपर्यंत माझे चौदा हजार रुपये दुसरीकडे खर्च झाले होते.

तक्रार सुरू झाली ती नोव्हेंबरात, चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना. घाट मी नेहमीप्रमाणे दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर कमीत कमी भार देऊन उतरलो होतो. तरीही खाली सपाटीला लागल्यावर जळका वास आला आणि गाडी जड वाटू लागली. ॲक्सिलरेटर सोडला की ती आपोआप घरंगळत पुढे जायला हवी, त्याऐवजी कोणी मागून धरून ठेवल्यासारखी थांबत होती. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मात्र चाके मोकळी. वीस-पंचवीस किलोमीटर चालवली की पुन्हा तोच प्रकार. याशिवाय जोरात ब्रेक दाबला तर डावे मागचे चाक एकदम पकडत असे, आणि हँडब्रेक ओढल्यावर फक्त उजवे चाक थांबत असे.

मिस्त्रींकडे येण्यापूर्वी मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या गॅरेजात तीन वेळा गेलो होतो. त्यांनी पहिल्या खेपेला चारही चाकांच्या व्हील सिलिंडरचे (चाकातले शू ढकलणारे सिलिंडर) किट बदलले, दुसऱ्या खेपेला मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) नवा बसवला, तिसऱ्या खेपेला मागचे शू बदलून हँडब्रेकची केबल ताणून दिली. प्रत्येक वेळी शू ड्रमपासून जरा सैल सोडले जात असल्याने आठ-दहा दिवस बरे वाटे आणि मग दुखणे परत येई. बदललेले जुने सुटे भाग मला कधीही दाखवण्यात आले नाहीत. त्या लोकांची नियत वाईट होती असे मी म्हणणार नाही; सामान बदलत गेले की कधी ना कधी दोष त्याबरोबर निघून जाईल, ही त्यांची रीत होती आणि हल्ली बहुतेक ठिकाणी तीच रीत आहे.

फाट्यावरच्या मिस्त्रींनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: “काकाजी, गरम किती चाकं होतात? एक, का दोन, का चारही?” मला उत्तर देता आले नाही. तीन महिन्यांत मी गाडीचा वास घेतला होता, आवाज ऐकला होता, पण चार चाके वेगवेगळी तपासून पाहिली नव्हती, आणि आधीच्या गॅरेजातही कोणी ते विचारले नव्हते. मग ते माझ्या शेजारी बसले, आम्ही अंजनगावच्या दिशेने दहा-बारा किलोमीटर जाऊन परत आलो आणि गाडी सावलीत लावली. त्यांनी चाकांच्या टोप्या काढल्या आणि तांब्यातले पाणी बोटांनी चाकांच्या मधल्या भागावर शिंपडले. पुढच्या दोन्ही चाकांवरचे थेंब तसेच ओघळून गेले. मागच्या उजव्या चाकावर थेंब पडताच चर्र आवाज होऊन वाफ झाली, आणि डाव्यावर त्याहून लवकर झाली. या चाचणीला एक पैसाही खर्च आला नाही.

या एका गोष्टीवरून किती निष्कर्ष निघतात ते त्यांनी गाडीखाली शिरता शिरता सांगितले. एकच चाक गरम असेल तर दोष त्या चाकातच असतो: व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून अडकलेला, शू परत ओढणारी स्प्रिंग तुटलेली किंवा थकलेली, नाहीतर शू आणि ड्रममधले अंतर ठरवणारा ॲडजस्टर जास्त आवळलेला. चारही चाके गरम असतील तर दोष मुळाशी, म्हणजे मास्टर सिलिंडरमध्ये किंवा पेडलच्या दांड्यात शोधावा. दांड्याला थोडी सैल चाल नसेल तर पाय काढल्यावरही पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ब्रेक ऑइल टाकीत परत जाण्याचे बारीक छिद्र झाकलेले राहते आणि सगळीकडे दाब अडकून बसतो. मागची दोन्हीच गरम असतील तर त्या दोघांना सामाईक असलेल्या दोनच गोष्टी उरतात, एक हँडब्रेक आणि दुसरा तो हौज पाईप. माझा नवा मास्टर सिलिंडर व्यर्थ बसवला गेला होता हे येथेच स्पष्ट झाले. “आधी बिमारी पाहू, मंग सामान आणू,” असे म्हणून त्यांनी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावले आणि मागचा धुरा जॅकवर उचलून खाली पक्के ठोकळे दिले.

आता दोघांपैकी कोण, हे ठरवायचे होते. हँडब्रेकची केबल त्यांनी पूर्ण सैल केली. चाके हाताने हलेनात. मग डाव्या चाकाच्या मागच्या प्लेटवरचे निपल (ब्रेकमधली हवा आणि ऑइल बाहेर काढण्याचे छोटे तोंड) अर्धा फेरा उघडले. काळपट ऑइलची चिळकांडी हातभर लांब उडाली आणि त्याच क्षणी चाक सुटले. मी उजवे फिरवून पाहिले तर तेही मोकळे झाले होते. पेडलवर कोणाचाही पाय नसताना नळीत इतका दाब शिल्लक होता! निपल उघडल्यावर चाक सुटले तर दोष अडकलेल्या दाबाचा, म्हणजे ऑइलच्या वाटेतला; निपल उघडूनही चाक अडलेलेच राहिले तर दोष लोखंडाचा, म्हणजे शू, स्प्रिंग किंवा केबलचा. जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने हा एवढा फरक लक्षात ठेवला तरी निम्मा खर्च वाचेल.

येथेच थांबून हौज पाईप बदलला असता तरी चालले असते, पण मिस्त्रींचे समाधान झाले नाही. त्यांनी निपल बंद केले, मला दोन-तीन वेळा पेडल दाबायला लावले आणि चाके पुन्हा जाम करून घेतली. या वेळी त्यांनी हौज पाईपच्या वरच्या, म्हणजे मास्टर सिलिंडरकडच्या टोकाची जोडणी पान्याने सैल केली. तेथून चार-दोन थेंब गळले; चाके मात्र जशीच्या तशी जाम. याचा अर्थ दाब पाईपच्या खालच्या बाजूला कोंडला होता आणि पाईप त्याला वर येऊ देत नव्हता. पाईप काढून त्यांनी तो धारदार सुरीने मधोमध उभा चिरला आणि माझ्या हातात दिला. बाहेरून रबर धड होते, एक भेग नव्हती. आतून मात्र ते फुगून सोललेल्या सालीसारखे सुटले होते आणि मधली वाट सुईच्या नेढ्याएवढी उरली होती. पायाच्या जोराने ऑइल त्या नेढ्यातून खाली जात होते, कारण पेडलची तरफ आणि मास्टर सिलिंडर मिळून तो जोर कितीतरी पटींनी वाढवतात. परत येताना मात्र त्याला ढकलायला शूच्या दोन बारीक स्प्रिंगांशिवाय कोणी नव्हते. रात्रभरात ते थेंबाथेंबाने झिरपून परत जाई, म्हणून सकाळी चाके मोकळी. तीन महिन्यांचे कोडे त्या चिरलेल्या तुकड्याने पाच मिनिटांत सोडवले.

रबर आतून का फुगले, याचे त्यांचे उत्तर मला पटले. ब्रेक ऑइल म्हणतात खरे, पण ते खनिज तेल नाही; ग्लायकॉल जातीचा द्रव आहे आणि ब्रेकमधले रबर त्याच्यासाठीच बनवलेले असते. त्या रबराला पेट्रोल, रॉकेल, ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागले तर ते फुगते आणि मऊ पडते. व्हील सिलिंडर पेट्रोलने धुण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. आधीच्या गॅरेजात मी स्वतः ते होताना पाहिले होते आणि स्वच्छतेची पद्धत म्हणून मला त्याचे कौतुकही वाटले होते. अर्थात माझा पाईप किती वर्षांचा होता ते वडिलांनाही आठवत नाही, त्यामुळे केवळ वयाने तो खराब झाला असण्याचीही शक्यता आहेच. फाट्यावर सिलिंडरचे भाग ताज्या ब्रेक ऑइलनेच धुतले गेले आणि पिस्टन बोटाला लावलेल्या ऑइलसह परत बसवले गेले.

डाव्या चाकाचे एकदम पकडणे हा वेगळाच आजार होता. ड्रम उतरवला तेव्हा जेमतेम महिनाभर आधी बदललेल्या शूंचे लायनर (ड्रमला घासणारा थर) काळे आणि ओले दिसले. आता हे ओले नेमके कशाने? व्हील सिलिंडर गळत असेल तर ते ब्रेक ऑइल. धुऱ्यातले तेल बाहेर येऊ न देणारे ऑइल सील गेले असेल तर ते गिअर ऑइल. दोन्हींचे उपाय अगदी निराळे. मिस्त्रींनी लायनरवरचा ओलावा बोटावर घेतला आणि स्टीलच्या वाटीतल्या पाण्यात बोट बुडवले. पाण्यावर रंगीत तवंग पसरला. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून गेले असते. तवंग आला म्हणजे ते तेल, धुऱ्यातून आलेले. वास घेतला तर गिअर ऑइलचा तो गंधकासारखा उग्र दर्पही होता.

माझी समजूत अशी की येथे कोणीही सील बदलून मोकळे झाले असते. मिस्त्रींनी धुऱ्याच्या वरच्या अंगाला असलेला ब्रीदर शोधला आणि तो तारेने टोकरला. आतून वाळलेल्या काळ्या मातीची गोळी निघाली. धुरा चालून तापला की आतली हवा फुगते आणि तिने ब्रीदरमधून बाहेर जावे अशी योजना असते. ती वाट बुजली तर हवेचा दाब ऑइलला सीलच्या कडेने बाहेर ढकलतो. पावसाळ्यात आमच्या पांदण रस्त्यांवरचा चिखल गाडीच्या पोटाला लिंपल्यासारखा बसतो, आणि काळ्या मातीचा चिखल एकदा वाळला की छिन्नीनेच निघतो. ब्रीदर तसाच ठेवून नवे सील टाकले असते तर तेही दिवाळीपर्यंत गळले असते.

तेलाने माखलेले लायनर रॉकेलने धुऊन किंवा आगीवर धरून पुन्हा वापरण्याचा सल्ला मला पूर्वी अनेकांनी दिला आहे. मिस्त्रींनी त्याला साफ नकार दिला. लायनर तेल आत शोषून घेते. वरून सुकलेले दिसले तरी ब्रेक तापताच ते पुन्हा पृष्ठभागावर येते आणि चाक कधी घसरते, कधी एकदम पकडते. मागचे चाक पकडणे धोक्याचे असते, कारण ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे जातो, मागची चाके हलकी होतात आणि त्यांतले एक जाम झाले की गाडीचा मागचा भाग बाजूला फेकला जातो. ओल्या रस्त्यावर तर विचारायलाच नको. म्हणून दोन्ही बाजूंचे चारही शू नव्याने लायनर मारून घेण्याचे ठरले. एका बाजूचे नवे आणि दुसऱ्या बाजूचे जुने असे चालत नाही. शू त्यांनी परतवाड्याला पाठवले आणि ते तिसऱ्या दिवशी, पितळी रिव्हेट मारून, परत आले. हा एक दिवस उशीर मला टाळता येण्याजोगा वाटला.

मधल्या काळात ड्रम लेथवर गेले. आतल्या कॅलिपरने चार ठिकाणी मोजल्यावर डावा ड्रम गोल राहिलेला नाही, चार-साडेचार दशांश मिलिमीटरने लंबगोल झाला आहे, असे आढळले. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून गाडी उभी केली तर थंड होताना ड्रम वाकडा होऊ शकतो, असे त्यांनी सांगितले; घाट उतरून चहाला थांबलो की हँडब्रेक ओढायचा, हे मी वर्षानुवर्षे करत आलो आहे. आता सपाट जागा पाहून गाडी गिअरमध्ये ठेवतो आणि चाकाला दगड लावतो. लेथवर दोन्ही ड्रम सारख्याच मापाचे कातून घेतले गेले, कारण एका धुऱ्यावरच्या दोन ड्रमच्या मापात फरक राहिला तर ब्रेकही कमीजास्त लागतो. किती कातायचे याला मर्यादा असते. पातळ झालेला ड्रम लवकर तापतो आणि त्याला तडा जाण्याचा धोका असतो. ही मर्यादा आपल्या गाडीसाठी किती, हे मिस्त्रींना आकड्यात सांगता आले नाही. अनुभवाने जाडी पाहून “अजून एक खेप निघते, मंग नवा पाहा” एवढेच ते म्हणाले. या बाबतीत मला लेखी माप आवडले असते.

शू बसवतानाची एक गोष्ट मला फार आवडली. त्यांनी नव्या लायनरवर शाळेतला पांढरा खडू आडवा फिरवला, ड्रम चढवून हाताने फिरवला, शू हलकेच टेकवले आणि ड्रम परत उतरवला. खडू फक्त लायनरच्या दोन्ही टोकांना पुसला गेला होता, मधला भाग जसाच्या तसा पांढरा. म्हणजे लायनरची गोलाई आणि ड्रमची गोलाई जुळत नव्हती आणि ब्रेक फक्त टोकांवर लागला असता. मग कानशीने टोके घासायची, पुन्हा खडू, पुन्हा ड्रम. असे प्रत्येक शूचे तीन-चार वेळा झाले. साडेतीन तास या एका कामाला गेले आणि शेवटी खडू मधूनही पुसला जाऊ लागला. नवा लायनर पुढे चालून चालून आपोआप बसतो हे खरे, पण तोपर्यंतचे दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक कमजोर राहतो.

हँडब्रेकबाबत आधीच्या गॅरेजने केलेली चूक येथे दुरुस्त झाली. शू झिजले की हँडब्रेकचा दांडा जास्त वर येतो, आणि तो खाली आणण्यासाठी केबल ताणणे हा सोपा पण चुकीचा मार्ग आहे. केबल ताणल्याने शू आपल्या बसण्याच्या जागेवरून उचलले जातात, ॲडजस्टरचा हिशेब बिघडतो आणि पेडलही खाली जाऊ लागते. क्रम उलटा हवा: केबल पूर्ण सैल करायची, ॲडजस्टरने शू ड्रमला टेकेपर्यंत आवळून मग चाक मोकळे फिरेल इतके मागे घ्यायचे, पेडल दोन-तीनदा दाबून शू मध्यभागी बसू द्यायचे आणि शेवटी केबलचा सैलपणा काढायचा. माझ्या डाव्या बाजूची केबल नळीच्या आत गंजून जवळजवळ अडकलेली होती, त्यामुळे ती बदलावी लागली.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढण्याचे काम रीतीप्रमाणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या, म्हणजे डाव्या मागच्या चाकापासून सुरू झाले. आधीचे ऑइल कडक चहाच्या रंगाचे निघाले. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि ओल शिरली की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा तो किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल शोषलेल्याचा १४० अंशांपर्यंत घसरू शकतो. चिकटलेल्या ब्रेकचा ड्रम घाटात एवढा सहज तापतो; मग ऑइलची वाफ होते आणि पेडल जमिनीला टेकते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर असतो, त्यामुळे ड्रमला थंड व्हायलाही वेळ लागतो. मिस्त्रींनी बंद बाटली माझ्यासमोर फोडली आणि उरलेले ऑइल पुढच्या गाडीसाठी ठेवले नाही, मला देऊन टाकले. घरी मी तेही वापरणार नाही, कारण फोडलेली बाटली महिनोन्‌महिने ठेवून वापरणे म्हणजे त्याच ओलीला आमंत्रण. दोन वर्षांतून एकदा सगळे ऑइल बदलावे असे त्यांनी सांगितले, ते मी मोटारीच्या वहीत लिहून ठेवले आहे.

खर्चाचा हिशेब असा झाला: हौज पाईप ४२० रुपये, दोन्ही बाजूंची ऑइल सील ३६०, चार शूंना लायनर १,४००, दोन ड्रमचे लेथकाम ८००, ब्रेक ऑइल ४४०, हँडब्रेकची केबल ६५० आणि मजुरी २,२००, एकूण ६,२७० रुपये. मजुरीत तपासणीचे ५०० रुपये त्यांनी वेगळे सांगून लावले. काही गिऱ्हाईक या पाचशेवरून हुज्जत घालतात असे त्यांच्या बोलण्यात आले. मला विचाराल तर सगळ्या रकमेत हेच पाचशे सर्वांत रास्त होते. काढलेला प्रत्येक भाग त्यांनी गोणपाटावर ओळीने मांडून ठेवला होता आणि जाताना पिशवीत भरून दिला.

आता उणिवा. पहिली आणि गंभीर: ड्रम उघडल्यावर आतली धूळ त्यांनी हवेच्या पाईपने उडवली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि ती धूळ फुप्फुसात जाणे घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून घेणे हाच योग्य मार्ग. मी तसे सांगितल्यावर ते हसले, दुसऱ्या ड्रमला मात्र त्यांनी ओले फडके वापरले. लायनर कानशीने घासतानाही तोंडावर काही नव्हते. त्यांच्या हाताखाली सोळा-सतरा वर्षांचा मुलगा काम शिकतो, त्याच्यासाठी तरी त्यांनी ही सवय बदलावी असे मला कळकळीने वाटते.

दुसरी उणीव मला प्रत्यक्ष भोवली. नव्या हौज पाईपच्या टोकाशी तांब्याचा जुनाच वायसर त्यांनी परत बसवला. चौथ्या दिवशी घराच्या अंगणात मागच्या बाजूला रुपयाएवढा ओला डाग दिसला. टाकीतले ऑइल थोडे उतरले होते. मी गाडी हळू चालवत, हँडब्रेकवर लक्ष ठेवत, पुन्हा ३८ किलोमीटर गेलो. खरे तर तेव्हा मी गाडी टेम्पोवर घालून न्यायला हवी होती, ब्रेकची गळती असताना रस्त्यावर उतरणे हा माझा मूर्खपणा होता. मिस्त्रींनी चूक लगेच कबूल केली, नवा वायसर टाकला, पुन्हा हवा काढली आणि एक पैसा घेतला नाही. तरी दहा रुपयांच्या वायसरसाठी एवढा प्रवास व्हायला नको होता.

बिल छापील मिळत नाही. वहीच्या पानावर पेन्सिलीने लिहून मिळते. फोन बहुधा उचलला जात नाही. अंजनगावच्या बाजाराच्या दिवशी दुकान अर्धा दिवसच उघडे असते, आणि बहिरमच्या यात्रेच्या दिवसांत, डिसेंबरअखेरपासून जानेवारीभर, कामाचा भरवसा धरू नये. मिस्त्रींना रोडग्याचे (गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या जेवणाचे) आमंत्रण मोडवत नाही. थांबायला बाज आणि पाण्याचा माठ आहे, बाकी सोय नाही. ज्यांना सकाळी गाडी देऊन संध्याकाळी न्यायची आहे त्यांनी येथे जाऊ नये. ॲम्बॅसेडरचे सामान गावात मिळत नाही. हौज पाईप नागपूरहून मागवावा लागला. ज्यांच्याकडे सामान आधीच असेल त्यांनी ते बरोबर न्यावे, फक्त हौज पाईपचे आटे जुन्याशी ताडून पाहावेत आणि रबरावरची निर्मितीची तारीख वाचावी, कारण जुन्या दुकानांत वर्षानुवर्षे पडून राहिलेला पाईप नवा म्हणून विकला जातो.

काम झाल्यापासून गाडी सुमारे नऊशे किलोमीटर चालली आहे. मागच्या पंधरवड्यात चिखलदऱ्याला जाऊन आलो. उतरून खाली आल्यावर तांब्यातले पाणी चारही चाकांवर शिंपडले. पुढच्या दोन्ही चाकांवर थेंब हळूहळू सुकले, मागच्यांवर ओघळून गेले. हजार किलोमीटर झाल्यावर शू एकदा पाहून ॲडजस्ट करून घ्यायचे ठरले आहे. त्या वेळी उजव्या व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीआड ओल आली आहे का, तेही पाहायचे आहे. तिथे त्यांनी खडूने बारीक फुली मारून ठेवली आहे.